गेस्ट लेक्चरचे पाहुणे

"सदरा काढ."

प्राध्यापक माझ्या मामाला म्हणाले आणि मग माझ्याकडे बोट करून, "याच्यानंतर तू." समोर बाकांवर विद्यापीठाचे विद्यार्थी वह्या उघडून बसले होते. मामाच्या डोक्यामागे, फळ्यावर, आमच्या जातीचे जुने नाव लिहिलेले होते. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या दिवशी ते आम्ही टाकून दिले होते. येथे ते आमच्या आधी येऊन बसले होते, खाली रेघ ओढून.

हे भिलाईत घडले. कारखाना उभा राहत होता. भंडाऱ्याकडची माणसे रोज गाडीतून उतरत होती. मामा खलाशी होता, म्हणजे अवजड लोखंड दोरांनी चढवणारा मजूर; मी पाइप फिटरचा हेल्पर. दिवसा काम, संध्याकाळी रात्रशाळा. एक दिवस मुकादम आला.

"साहब लोगों का गेस्ट लेक्चर है. मामा-भांजा दोनों को बुलाया है. नहा-धोके जाना."

तो गेल्यावर मामाने विचारले, "गेस्ट म्हंजे का रे?"

"पाहुणा."

"आन् लेक्चर?"

"भाषण."

मामा खुलला. "मंग भाषण मीच करतो. तुले काई येत नाई. तू टाळ्या वाजवजो."

मी केलेला अर्थ अचूक होता. आजही मी तो मागे घेत नाही. खोट शब्दात नव्हती. बोलावणाऱ्यांच्या मनात होती.

आमच्याकडे कुणाचेही लग्न असो, चार शब्द बोलायला मामाच उभा राहायचा. त्याने लोट्यात निखारे घालून सदऱ्याला इस्त्री केली. पाहुण्याने रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून सीताफळे घेतली. वाटभर तो भाषण घोकत होता: गाव कसे सुटले, कारखान्याची पहिली चिमणी उभी राहताना खाली कोण होते.

सीताफळे प्राध्यापकांनी शिपायाकडून दाराबाहेर ठेववली. मामा फळ्यापाशी गेला, खाकरला, हात जोडले.

"मानलेल्या बंधूंनो आन् बहिणींनो..."

"अरे, तुला बोलायचं नाहीये. नुसतं उभं राहायचं."

वर्ग हसला. प्राध्यापकही हसले. मग म्हणाले, सदरा काढ.

मामाने काढला. घडी करून खुर्चीच्या पाठीवर ठेवला. घडीची काळजी त्या क्षणीही सुटली नाही.

प्राध्यापकांनी पेटीतून कॅलिपर काढला. ते हत्यार मला परके नव्हते. त्याच्यासारख्यानेच मी रोज पाइपाचा व्यास घेत असे. त्याची टोके मामाच्या नाकपुड्यांना टेकली. मग कवटी. मग जबडा. प्राध्यापक आकडे सांगत, विद्यार्थी उतरवून घेत. "आपण या ओठांकडे लक्ष द्यावं," ते विद्यार्थ्यांना म्हणाले. विद्यार्थी 'आपण'. मामा 'अरे'. एकाने उघड्या अंगाचा फोटो घेतला, समोरून आणि बाजूने.

"आता तू. काढ."

"नाई काढत."

मामा पुटपुटला, "चूप रह्य बाप्पा. रोजी जाईन."

"मुकादमाला कळवू का?" प्राध्यापकांनी विचारले.

"कळवा. पन कोन्त्या कायद्यानं काढाचा, ते पयले मले सांगा."

"सदरा काढायला कायदा लागतो?"

"सोताचा काढाले नाई लागत. दुसऱ्याचा काढाले लागते."

मी खुर्चीवरचा सदरा उचलला आणि मामाच्या खांद्यांवर टाकला. त्याचे हात बाह्यांत जाईनात. मी एकेक बाही धरली. बटणे लावली. मग बाहेर आलो.

दुसऱ्या दिवशी मुकादम म्हणाला, "तेरा काम खतम." मामाचे काम राहिले, तो मोजून झाला होता. मामा आठवडाभर माझ्यावर चिडून होता. "नाकच मोजलं ना बे त्यानं? कापलं तं नाई!" पण त्यानंतर तो कोणत्याही लग्नात बोलायला उभा राहिला नाही. लोकांनी हात धरून ओढले, तरी नाही. शेवटपर्यंत नाही.

मी दुर्गच्या एका वकिलाकडे लेखनिक म्हणून राहिलो आणि पुढे स्वतः वकील झालो. त्या दुपारी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला पुस्तकांत शोधायचे होते. ते सापडले. तसा कायदा नव्हता. कधीच नव्हता.

मामाचा तो फोटो मानववंशशास्त्र विभागाच्या भिंतीवर आजही आहे. खाली जातीचे टाकलेले नाव आणि मापे. तो उतरवा म्हणून मी विभागाला पहिले पत्र पाठवले. विभागाचे उत्तर आले: सदर छायाचित्र शैक्षणिक स्वरूपाचे असून त्यात व्यक्तीचा नामोल्लेख नसल्याने हरकतीस कारण दिसत नाही.

नामोल्लेख नाही, हीच माझी हरकत आहे. त्या माणसाला नाव होते. जीभ होती. त्याच्याजवळ भाषण तयार होते. तुम्ही त्याचे तोंड मोजले आणि ते कायमचे बंद केले. याला तुम्ही शिक्षण म्हणता.

त्यानंतरची पत्रे अनुत्तरित आहेत. हरकत नाही. मी थकलेलो नाही, आणि माझा राग वयाबरोबर उतरलेला नाही. तुम्ही मामाची संमती मागितली नाही. आता तो नाही. त्याच्या वतीने बोलण्याचा अधिकार माझा आहे. ती संमती मी नाकारतो. फोटो भिंतीवरून उतरवा, मापे खोडा. उतरवणार नसाल, तर यापुढे मी पत्र पाठवणार नाही. न्यायालयाचे समन्स येईल.