सासूबाईंची जीभ

तापातून उठल्यावर खानावळवालीच्या तोंडाची चवच गेली. मीठ घातलं की साखर, तेही कळेना. रोजची चाळीस गिऱ्हाइकं तुटायची वेळ आली. तेव्हा वीस वर्षं तिच्या स्वयंपाकाला नावं ठेवणाऱ्या सासूबाईंपुढेच तिनं रश्शाची वाटी धरली.

“अळणी!”

दुसऱ्या दिवशी, “अगं, समुद्र उपसलास की काय?”

ती ऐकायची आणि मिठाचे चमचे भिंतीवर खडूनं लिहायची. तीन महिन्यांनी नुसत्या मापावर तिनं रस्सा केला. सासूबाईंनी चाखला.

“बरोबर आहे.”

ती घाबरली. “आई, तुम्हाला ताप तर नाही ना आला?”

“चव तुझी गेलीय, माझी नाही. वाढायला घे, लोक खोळंबलेत.”