शब्दाच्या पोटातला श्वास

चर्चमधला क्वायर आई चालवायची आणि तिच्या हाताखाली श्वास घेणं सोपं नव्हतं.

"ओळ संपली की सगळं जग श्वास घेतं," ती ऑर्गनवरून ओरडायची. "आपण तिथं नाही घ्यायचा. शब्दाच्या पोटात घ्यायचा, तोही एकेकीनं. तोवर शेजारणीनं सूर धरून ठेवायचा. ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे, या बायांना देवानं फुप्फुसंच दिली नाहीत."

तिच्या दोन्ही मुली दुसऱ्या रांगेत शेजारी शेजारी उभ्या राहत. घरी त्यांचं एका उशीवरूनही पटत नसे. इथं मात्र श्वासासाठी धाकटीचा खांदा जरासा वर गेला, की थोरली तिच्या वाटणीचा सूरही उचलून धरी.

धाकटी एका टेलरकडे काजं-बटणं करायची. स्टुडिओत कोरसला बायका हव्यात असं कळलं म्हणून ती एकदा तिथं गेली. मुख्य गायिकेचा घसा बसला होता. बरी झाल्यावर तिला चाल ऐकता यावी म्हणून संगीतकारानं धाकटीला गाणं तात्पुरतं गायला सांगितलं. काचेमागची खोली, कानांवर हेडफोन, शेजारी कुणी नाही. 'दार उघडंच ठेव' अशी ओळ होती. सवयीनं तिनं 'उघ'वर श्वास घेतला आणि 'डंच'वर सूर पकडला. मधल्यामध्ये तो धरायला कुणीच नव्हतं. ओळीला भोक पडलं.

"चुकलं हो, परत घेते," ती म्हणाली.

"कशाला हात लावू नकोस," संगीतकार रेकॉर्डिस्टला म्हणाला. "बाईला हुंदका आलाय असं वाटतंय. हेच ठेवायचं."

मुख्य गायिका घरीच राहिली आणि गाणं धाकटीच्या आवाजात बाजारात आलं. मग ते सलूनमध्ये वाजलं, बसमध्ये वाजलं, शाळेच्या गॅदरिंगमध्ये पोरींनी त्यावर नाच बसवला. काजं-बटणं सुटली. धाकटीनं उंच इमारतीत फ्लॅट घेतला. तिथल्या चकचकीत ओट्यावर चहाखेरीज काही शिजत नसे. पुढच्या प्रत्येक गाण्यात शब्द तुटायलाच हवा, अशी कंपनीची अट असे.

"अहो, इथं मला दम लागतच नाहीये," ती म्हणायची.

"मॅडम, लोक त्याचीच वाट बघत असतात."

आणि खरंच बघत. ती थांबली की भरलेलं सभागृह गप्प व्हायचं, मग शिट्ट्या सुरू व्हायच्या. त्या गप्प क्षणात दर वेळी तिचा उजवा कान थोरलीला शोधायचा. पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि खाली काहीच नसावं, तसं तिला वाटायचं.

आई गाण्याबद्दल अवाक्षर काढत नसे. "ऐकलंस का?" असं धाकटीनं फोनवर विचारलं, तर म्हणाली, "शेजारचे ऐकवतात की रोज. जेवलीस का?"

शेवटी एका रविवारी ती घरी आली आणि भांडी घासणाऱ्या आईच्या पाठीशी उभी राहिली.

"आई, मला पुन्हा रांगेत उभं राहायचंय. दुसरं काही नको."

"सह्या देता देता जमेल का बाईसाहेबांना?" थोरलीनं टोमणा मारला, पण ताट पुसायचं थांबून ती आईकडे बघत राहिली.

"बुधवारी सरावाला ये," आई म्हणाली. "ते नखांचं रंगकाम खरवडून."

क्वायरमध्ये आता बऱ्याच नव्या मुली होत्या. बहुतेक जणी धाकटीचं गाणं ऐकूनच आलेल्या. थोरलीनं सरकून जागा दिली. गीत सुरू झालं, लांबलचक शब्द आला, धाकटीचा खांदा वर गेला. थोरलीनं सूर धरला. आणि बाकी सगळ्या मुलींनी, माना तिरक्या करून, अगदी रेकॉर्डवरच्यासारखा तो शब्द एकदम तोडला. थोरलीचा आवाज एकटाच लोंबकळत राहिला.

"एकेकीनं गं!" आई कडाडली.

दुसऱ्यांदाही तेच. "ताई शेजारी असल्या की आपोआपच होतं," एक मुलगी खुदखुदली.

"मी श्वासच घेत नाही," धाकटी घाईघाईनं म्हणाली. "मी धरून ठेवते. तुम्ही सगळ्या गा."

तिनं तो शब्द छातीत आग पडेपर्यंत ताणला. मुली मात्र एकेक करून गप्प झाल्या. ती कुठं तुटते हे ऐकायला थांबल्या. मग थोरलीही थांबली. ऑर्गनही. शब्द संपला तेव्हा चर्चमध्ये टाळ्या वाजल्या.

आईनं ऑर्गनचं झाकण लावलं आणि तिला बाहेर व्हरांड्यात नेलं.

"मी कुठं चुकले?"

"चुकली नाहीस."

"मग?"

"तुझ्या शेजारी आता कुणी गाणार नाही, बाळा. सगळे ऐकतच राहणार." आईनं पदराला हात पुसले, ओले नसतानाही. "माझीही बोटं थांबली. आजवर कधी थांबली नव्हती."

हेच शब्द ऐकायला धाकटी किती तरी वर्षं थांबली होती. आता त्यांचं काय करायचं ते तिला कळेना.

"रविवारी ये," आई म्हणाली. "बाकावर बस. मागच्या."

रविवारी ती मागच्या बाकावर बसली. शेजारच्या बाईनं गीतांचं पुस्तक तिच्यापुढे सरकवलं आणि "म्हणा ना तुम्हीही," असं कुजबुजली. धाकटीनं नको म्हणून मान हलवली. थोरलीजवळ एक नवी मुलगी उभी होती. लांबलचक शब्द आला आणि अखंड निघून गेला. कुणी कुठं श्वास घेतला, ते धाकटीला कान देऊनही कळलं नाही.