सावंतकाका, फाइल बंद करा

आधीच सांगून ठेवते, माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नाही. आमच्या ठाकुर्लीच्या बिल्डिंगमध्ये दर शनिवारी दाराला लिंबू-मिरची बांधणारे शेजारी आहेत, त्यांची मी तोंडावर टर उडवते. मशीन अडलं की त्याला कारण असतं, आणि ते सापडत नसेल तर आपण नीट शोधलेलं नाही... वीस वर्षं मी हेच काम करतेय आणि हेच सगळ्यांना ऐकवतेय. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय. पण लिहिते.

डोंबिवली एमआयडीसीत एक मसाल्याचा कारखाना आहे. नाव सांगत नाही. गेटातून आत शिरलं की पहिल्या पाच मिनिटांत मला सात-आठ शिंका ठरलेल्या. तिथे मसाला एकत्र करायचं एक मोठं आडवं ब्लेंडर आहे, वरून झाकण, आत पोलादी पाती. त्यात मोठा माणूस सहज मावेल. ते चालवणारा कॉम्प्युटर भिंतीपलीकडच्या केबिनमध्ये. तिथून ब्लेंडर दिसत नाही. त्या कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम माझा.

शेठची अट होती की आधी नोंद, मग मोटर. म्हणजे दिनेशने, आमच्या ऑपरेटरने, स्टार्ट दाबलं की प्रोग्राम रजिस्टरच्या फाइलमध्ये एक ओळ लिहिणार, कुठला मसाला, किती किलो, किती वाजता. ओळ पडली तरच मोटर फिरणार. दिसायला सोपं आहे ना? मलाही वाटलेलं.

पण ऑफिसात होते सावंतकाका. सगळी रेकॉर्ड्स त्यांच्याकडे. ते रोज स्वतःच्या टेबलावरून ती फाइल एक्सेलमध्ये उघडायचे, डोळ्यांखालून घालायचे, आणि तशीच उघडी टाकून चहाला जायचे. आता एक्सेलने अशी फाइल उघडली की ती धरूनच बसतं, दुसऱ्या कुणाला लिहू देत नाही. माझा प्रोग्राम दारावर उभा, आत काकांचं एक्सेल कडी लावून बसलेलं. नोंद नाही, म्हणून मोटर नाही. मग दिनेशचा फोन मला. मी कधी माजिवड्याला दुसऱ्या क्लायंटकडे, कधी शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये रिक्षात घाम पुसत.

"काका, फाइलची कॉपी करा आणि ती बघा ना!"

"अगं, उघडून ठेवली तर झिजते का फाइल?"

"झिजत नाही, मशीन थांबतं!"

"मग थांबू दे की दोन मिनिटं. कुठे गाडी पकडायचीय त्याला?"

शेवटी एकदा माझं डोकंच फिरलं. फाइल अडकली की स्क्रीनवर एक छापील एरर यायचा, तो काढून मी तिथे मोठ्या अक्षरांत मराठीत टाकलं, "सावंतकाका, फाइल बंद करा!" फाइल सुटेपर्यंत मेसेज हलायचाच नाही. म्हटलं, आता तरी लाज वाटेल. कसलं काय! काका चष्मा लावून केबिनमध्ये बघायला आले आणि खूश झाले. "एवढी वर्षं नोकरी केली, पण नाव मशीनवर आज आलं," असं म्हणत अख्ख्या कारखान्याला दाखवून आले.

पुढे काका रिटायर झाले आणि देवगडजवळ गावी गेले. त्यांचा कॉम्प्युटर वायरी गुंडाळून टेबलावर ठेवला गेला. आणि जे काम मी आधीच करायला हवं होतं, ते मग केलं. फाइल अडकलेली असेल तर प्रोग्रामने थोडं थांबून पुन्हा प्रयत्न करायचा, तीनदा जमलं नाही तर ती ओळ बाजूच्या दुसऱ्या फाइलमध्ये लिहायची आणि मोटर चालू करायची. अडून बसायचं नाही. काकांचा मेसेज आता लागणारच नव्हता, म्हणून ती ओळ कोडमधून काढून टाकली. काढताना थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

नवा प्रोग्राम टाकायला गेले तो गुरुवार होता. जेवणाची सुट्टी साधून टाकला. जुना नुसता बंद नाही, डिलीट केला. मग मुद्दाम फाइल एक्सेलमध्ये उघडून ठेवली आणि रिकामं ब्लेंडर तीनदा चालू करून बघितलं. तिन्ही वेळा मोटर झटक्यात फिरली. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली आणि एक्सेल बंद केलं.

आता माझी चूक सांगते. दोन बॅचच्या मध्ये मंगलताई ब्लेंडर आतून पुसतात. शीळफाट्याजवळच्या गावातल्या, पन्नाशीच्या, कामाला वाघीण. त्या आत वाकायच्या आधी दिनेश मेन स्विच बंद करतो, हा तिथला नियम. पण त्या दिवशी मीच त्याला सांगितलेलं, "मेन बंद करू नकोस रे, मला टेस्टिंग लागतंय." टेस्टिंग झालं, तेवढ्यात माजिवड्याच्या क्लायंटचा फोन आला, आणि मी बोलत बोलत बाहेर आवारात गेले. झालं म्हणून कुणाला सांगितलंच नाही. वीस मिनिटं मी तिथे उभी राहून कुठल्यातरी फालतू रिपोर्टच्या रकान्यांवरून वाद घालत होते.

दिनेश तणतणत बाहेर आला.

"मॅडम, काय राव तुम्ही! तुमचे काका परत आले."

"कोण काका?"

"बघा ना. शेठ बोलले दुपारची बॅच घे, माल भरून झाला असेल म्हणून मी स्टार्ट दाबलं, तर हे."

त्याने मोबाइल पुढे धरला. कुठलाही एरर आला की फोटो काढायची सवय मीच त्याला लावलेली. फोटोत स्क्रीन होती, आणि स्क्रीनवर "सावंतकाका, फाइल बंद करा!"

मी भडकलेच. "अरे, हा मेसेज प्रोग्राममध्ये आहेच कुठे? काढलाय मी तो!"

"मला काय विचारता? मी काय घरून आणला?"

मी तरातरा निघाले. केबिनला ऑफिसकडूनही दार आहे, दिनेश तिथूनच ये-जा करतो, पण आवारातून जायला ब्लेंडरच्या खोलीतून जवळ पडतं. आत पाऊल टाकलं आणि समोर बघितलं... झाकण उघडं, स्टुलावर मंगलताईंचे दोन पाय, आणि कमरेपासून वरच्या त्या सगळ्या आत, पात्यांमध्ये. फडक्याचा आवाज येत होता. स्वतःशी काहीतरी गुणगुणतही होत्या. आणि भिंतीवर मेनचा लाल दिवा लागलेला.

मी मेनपर्यंत कशी पोचले ते मला आठवत नाही. खटका खाली ओढला आणि ओरडले, "ताई, बाहेर या! आधी बाहेर या!"

त्या बाहेर आल्या, कोपरापर्यंत हळदीने पिवळ्या. मी तिथेच धण्याच्या पोत्यावर बसले आणि भोकाड पसरून रडले. दिनेश भिंतीला टेकून उभा. त्याने स्टार्ट दाबलेलं. मी मेन चालू ठेवायला लावलेलं. जेवून आल्यावर मेन बंदच असणार असं धरून मंगलताई आत वाकलेल्या. आणि माझा तो शहाणा नवा प्रोग्राम... त्याने तर मोटर फिरवायलाच हवी होती!

"मना कय नाय झाला गो," मंगलताई माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "तू कनाला रडतेस?" माझा कुर्ता पाठीवर सगळा पिवळा झाला. तो मी अजून धुतलेला नाही.

जरा सावरल्यावर केबिनमध्ये गेले. मेसेज स्क्रीनवर तसाच. खाली कोपऱ्यात व्हर्जनचा नंबर मात्र नव्या प्रोग्रामचा. फोटोतही तोच. फाइल एक्सेलमध्ये कुठेच उघडी नव्हती. काकांच्या टेबलाशी जाऊन आले, त्यांच्या कॉम्प्युटरवर बोटभर धूळ, वायरी गुंडाळलेल्या. मग मला काय सुचलं कुणास ठाऊक, केबिनच्या दारात उभं राहून मी सरळ देवगडला फोन लावला.

"काका, प्राजक्ता बोलतेय. रागावू नका, पण... तुम्ही फाइल उघडलीत का?"

पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता. काका म्हणाले, "मंगल बाहेर आली ना?"

मी त्यांना काहीच सांगितलेलं नव्हतं.

"आली," मी म्हटलं.

"बरं झालं बाई. मग करतो हो बंद," असं म्हणून ते हसले. आणि माझ्या मागून दिनेश ओरडला, "मॅडम, मेसेज गेला!"

नंतर मी काकांना चार-पाच वेळा खोदून खोदून विचारलं. ते म्हणतात, "अगं, तेवीस वर्षं बघतोय, त्या वेळी ती आतच असते. म्हणून विचारलं. आणि बाकीची मस्करी केली तुझी." असेलही. पण नव्या प्रोग्रामची फाइल मी अक्षर न अक्षर शोधली, त्यात काकांचं नाव नाही. मूळ रजिस्टरात आणि बाजूच्या फाइलमध्येही माझ्या तीन टेस्टिंगनंतर एकही ओळ नाही. माझ्या ओळखीतल्या दोन हुशार माणसांना सगळं दाखवलं, ते म्हणाले जुनाच प्रोग्राम चालू राहिला असेल. मग कोपऱ्यातला नंबर? त्यावर त्यांनी विषयच बदलला.

आता ब्लेंडरच्या झाकणाला स्विच बसवलाय. झाकण उघडं असेल तर मोटर फिरूच शकत नाही, प्रोग्रामने कितीही डोकं आपटलं तरी. तो बसवला त्या रात्री मी खूप दिवसांनी शांत झोपले. वर्षानुवर्षं ज्या माणसाशी एका फाइलीवरून भांडले, त्याचे उपकार कसे फेडायचे ते मला कळत नाही, आणि उपकार त्याचेच आहेत का, तेही कळत नाही.

मंगलताईंना मात्र असले प्रश्न पडत नाहीत. रोज फडकं घेऊन निघाल्या की आधी त्या ऑफिसात जातात, धूळ खात पडलेल्या त्या कॉम्प्युटरवर हळदीचा हात ठेवतात आणि सांगतात, "काका, मी आत जाते हां. फाइल उघडीच ठेवा."