उजवीकडचा भांग

फोन आला तेव्हा मी दुकानात एका गिऱ्हाइकाच्या डोक्यावरची जुनी चिकटपट्टी काढत होतो. फोन सुमनवहिनींचा. "युनूसभाई, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. दिनकरराव, त्यांचे यजमान आणि माझं गिऱ्हाईक, सकाळी कुपवाडच्या आपल्या वर्कशॉपमध्ये लेथ मशीनसमोर उभे होते, तिथंच छातीत कळ आली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मी काही बोलणार तोच वहिनींनी आवाज खाली आणला. "माणसं जमायला लागल्यात. आंघोळीच्या आधी या. तुमचं सामान घेऊन या." मी पिशवी भरली आणि गाडी काढली.

त्या सामानाबद्दल लिहायला वहिनींनीच सांगितलं, म्हणून लिहितो. आमचं घराणं सांगलीतलं, नाटकांचे टोप करणारं. वडिलांनी केलेले टोप घालून कित्येक राजे आणि ऋषी रंगमंचावर वावरले. ते टोप लांबूनच बघायचे असत, जवळ गेलं की कडा दिसे. माझ्या वाट्याला आलं ते जवळून बघायचं काम. टक्कल पडलेल्या माणसाच्या डोक्यावर असे केस बसवायचे की शेजारी बसणाऱ्यालाही कळू नये. गंमत म्हणजे माझ्या स्वतःच्या डोक्यावर पन्नाशीतही जंगल आहे. नवीन गिऱ्हाईक आधी माझ्याच केसांकडे संशयानं बघतं आणि हळूच विचारतं, "हे पण तुमचंच काम का?"

दिनकररावांनी मात्र तसं विचारलं नाही. ते आले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "डोळ्याला दिसू नये असलं करनारं लय हायती. मला बोटाला कळू नये असलं पायजे." त्यांची आई आटपाडीजवळच्या गावी त्यांच्या चुलतभावाच्या घरी राहायची. काचबिंदूनं डोळे गेलेले, कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं, आणि गेल्या वर्षभरात आठवणही विसकटत चाललेली. माणूस ओळखायची तिची एकच रीत उरली होती. आलेल्याच्या डोक्यावरून हात फिरवायचा. दिनकररावांच्या तुळतुळीत डोक्यावर तिचा हात पडला की ती म्हणायची, "कुनाचा रं तू? चा घेऊन जा." दर रविवारी लेक ऐंशी किलोमीटर जायचा आणि पाहुणा म्हणून चहा पिऊन परत यायचा. "एकदा दिनकर म्हनाली पायजे," ते म्हणाले. "मग टोपी घालून फिरीन जल्मभर."

मी त्यांच्यापुढं पॅचचे, म्हणजे टाळूवर चिकटवायच्या केसांचे, दोन नमुने ठेवले. एक लेस, म्हणजे बारीक जाळी. तिच्यातून हवा खेळते, उन्हाळ्यात बरी पडते, पण केसांच्या गाठी बोटाला किंचित खरखरीत लागतात. दुसरी पातळ स्किन, कांद्याच्या पापुद्र्यासारखी. तिच्यात गाठ नसते, केस कातडीतून उगवल्यासारखेच लागतात. घाम मात्र खाली साचतो आणि चारेक महिन्यांत ती विरते. दिनकररावांनी डोळे मिटून दोन्हीवरून बोटं फिरवली, मग तळहात फिरवला, मग पुन्हा बोटं. दिवसभर लेथवर घाम गाळणाऱ्यानं लेस घ्यावी असं मी सुचवून पाहिलं. "घाम माझा मी बघून घेतो," म्हणाले आणि स्किनवर हात ठेवला. जाता जाता त्यांनी विचारलं, "हे क्यास कुनाचं असत्यात हो?" आम्हालाही ते माहीत नसतं. कुणाकुणाचे असतात, कुठून कुठून येतात... मी तसंच सांगितलं. त्यांनी टोपी घातली आणि ते गेले.

चूक माझ्या हातून झाली. आम्ही डोक्याचा साचा पारदर्शक प्लास्टिकचा घेतो आणि त्यावर काळ्या शाईनं भांगाची रेघ मारतो. रेघ दोन्ही बाजूंनी दिसते. केस विणणाऱ्या कारागिरांकडं पाठवताना साचा आतून बाहेर उलटा झाला आणि माझ्या ध्यानातच आलं नाही. केस बसवून मी खुर्ची आरशाकडं फिरवली तेव्हा कळलं, डावीकडचा भांग उजवीकडं गेला होता. काम इतकं बेमालूम उतरलं होतं की मला रडूच यायचं बाकी राहिलं. दिनकरराव आरशात बघत भांगावरून बोट फिरवत होते. मी माफी मागितली, दुसरा करून देतो म्हणालो. "द्या करून," ते म्हणाले. "पन ह्या रविवारी ह्योच असू दे. आईला भांग काय कळतोय?"

सोमवारी सकाळी मी कुलूप काढत असतानाच ते येऊन उभे राहिले. आईनं डोक्यावरून हात फिरवला होता, बोट भांगातून मागपर्यंत नेलं होतं आणि तिचा चेहरा उजळला होता. "मुरली? कवा आलास रं?" मुरलीधर हे दिनकररावांचे थोरले भाऊ, फौजेत होते. उजवीकडं भांग पाडायचे. सीमेवरच्या बर्फातल्या चौकीत ते वारले त्याला वीसेक वर्षं झाली होती. असा कुणी भाऊ होता हेच मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं. "मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं. "काय म्हननार? धा वर्सात तिला असं हसताना बघितलं न्हवतं. तिचा हात हातात घेतला आन् मान हलवली. व्हय म्हनून." त्या दिवशी आईनं दीड भाकरी खाल्ली होती. उठता उठता तिनं विचारलं होतं, "धाकटा का येत न्हाई रं मला भेटायला?"

डावीकडच्या भांगाचा पॅच महिन्याभरात आला. मी तीनदा तपासून बसवला. या वेळी तरी नाव ऐकायला मिळणार म्हणून दिनकरराव नवा सदरा घालून गेले. परत आले ते खुर्चीत न बसता भिंतीला टेकून उभे राहिले. आईनं बोटं फिरवली, थांबली, पुन्हा फिरवली आणि लाडानं रागावली होती, "मुरली, भांग का बदललास रं? बापाला आवडनार न्हाई हां." हे सांगताना ते हसले. मला हसता आलं नाही. "युनूसभाई, तिच्याकडं मी आता कसाबी गेलो तरी मुरलीच हाय. टकला गेलो तर पावना." मग म्हणाले, "उजवीकडचाच लावा परत. त्यो तरी खरा वाटतोय तिला."

पुढं दोन वर्षं ते दर तीन आठवड्यांनी यायचे. मी पॅच सोडवायचो, टाळू पुसायचो, पॅच धुऊन पुन्हा बसवायचो. उघड्या डोक्याचे दिनकरराव बडबडे होते. कारखाना, पोरीचं सासर, गावच्या निवडणुकीतल्या भानगडी, सगळं चालायचं. पॅच बसला की माणूस गप्प व्हायचा, पाठ ताठ करून बसायचा. आधी मला वाटलं, नवे केस आहेत, ऐट असेल. मग एकदा ते आरशात बघत म्हणाले, "तिथं बर्फात पाय असं बधिर व्हायचं का, बूट काडला तरी बूट हायच असं वाटायचं." हा माणूस पुण्याच्या पुढं कधी गेला नव्हता. मी हातातला कंगवा खाली ठेवला. "कुणाचे पाय, दिनकरराव?" ते दचकले, खिशात रुमाल शोधला, चेहरा पुसला. "मुरली सांगायचा," म्हणाले. नंतर वहिनी मला म्हणाल्या, मुरलीभावजी त्या चौकीवरून परत आलेच नव्हते. तिथलं सांगायला त्यांना सवड कुठली... त्या दिवसापासून पॅच बसवताना मी आरशात बघणं टाळू लागलो. भित्रा म्हणा मला हवं तर.

तर त्या सकाळी मी पिशवी घेऊन पोचलो. आंघोळीच्या वेळी अंगाला तेल लावतात आणि तेलानं आमचा गम सुटतो. चारचौघांत केस हातात आले असते. मला वाटलं, आणखी पक्के बसवायला बोलावलंय. आतल्या खोलीचं दार लावून वहिनी म्हणाल्या, "काढा. त्यांचं त्यांना जाऊ द्या." मी कडेला गम विरघळवणारं औषध सोडलं, पापुद्रा हळूहळू सुटत आला. खालचं डोकं फिकट आणि लहान दिसत होतं, आणि खरं सांगतो, आता परत केस बसवायचे नव्हते म्हणून दोन वर्षांत मला पहिल्यांदा पूर्ण दिनकरराव दिसले. मी त्यांच्या टाळूवर हात ठेवून रडलो. बाहेर नेलं तेव्हा माणसं क्षणभर चपापली. आईला सांगायचं नाही असं भावकीत ठरलं. पॅच वहिनींनी घरात ठेवून घेतला नाही. तो आता माझ्याकडं लाकडी ठोकळ्यावर आहे, आणि त्यावर मी फडकं टाकून ठेवतो.

त्यानंतर पाच आठवड्यांनी वहिनींबरोबर मी आटपाडीला गेलो. उलटा साचा माझा होता. त्या माउलीच्या तोंडून तिच्या धाकट्याचं नाव माझ्या चुकीनं पुसलं गेलं, ही बोच मला जेवू देत नव्हती. काय करणार होतो कुणास ठाऊक. तिच्या पायांना हात लावावा एवढंच मनात होतं. म्हातारी सोप्यात पलंगावर बसली होती, पदर नीट, चेहरा समाधानी. चुलतभावाची बायको म्हणाली, "झ्याक हाय त्यांचं. जेवन बी वाडलंय."

मी पलंगाच्या कडेला टेकलो आणि मान वाकवली. सुकलेली, हलकी बोटं माझ्या केसांत शिरली. कपाळापासून मागपर्यंत गेली, कानामागं उतरली, पुन्हा वर आली.

"दिनकर," ती म्हणाली. "आलास व्हय रं बाबा. लय दिस लावलंस."

वहिनींनी तोंडाला पदर लावला. त्या एका हाकेसाठी तो माणूस दोन वर्षं झिजला होता आणि ती मिळाली मला. मी तिचा हात धरून मान हलवली. व्हय म्हणून. मग मला राहवलं नाही. ऐकू जाणार नाही हे ठाऊक असूनही मी तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून विचारलं, "आई, मी दिनकर, हे कसं ओळखलंस?"

तिला कसं कोण जाणे, पण ऐकू गेलं.

"आता त्यात काय वळखायचं?" ती हसली. तिचा दुसरा हात तिच्या पलीकडच्या बाजूला, रिकाम्या गादीच्या वर, बसलेल्या माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर, हवेत सावकाश मागं फिरत होता. "मुरली तर कवाचा हितं बसलाय. सरक जरा, त्याचं पाय बधिर झाल्यात. पसरू दे त्याला."

मी सरकून बसलो.