तरियाचा खांब

आधीच सांगून टाकते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. आयुष्यभर पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी केली. लोकांचं रक्त, थुंकी, लघवी काचेवर घ्यायची आणि जे दिसेल तेवढंच लिहायचं. अशी सवय लागली की अंगात आलेली बाई पाहूनही पहिला विचार तिच्या हिमोग्लोबिनचा येतो. या सदरातले अनुभव मी चहाबरोबर हसत हसत वाचायची. आता स्वतःच लिहायला बसले आहे... हसा खुशाल.

आम्ही मूळचे अमरावतीचे. रायपूर राजधानी झालं, नवीन ऑफिसं उघडली, त्यातल्या एकात यांची बदली झाली. तेलीबांध्याला तलावाच्या मागच्या अंगाला आम्ही छोटं घर भाड्यानं घेतलं. मुलगा पुण्याला, म्हणजे घरात दोघंच; मलाही तिथल्या एका लॅबमध्ये काम मिळालं. घराला पोर्च होता आणि आमच्याकडे कार नव्हती, म्हणून पोर्चमध्ये यांनी लेथ बसवली. लाकूड कातायचा यांना भारी नाद! मशीनवर ओंडका गरगर फिरवायचा, पटाशी टेकवायची आणि लाटणी, भोवरे, वाडगे काढायचे. लाकूड विकत आणणं यांच्या लेखी पाप. त्या काळात रायपुरात जिकडेतिकडे रस्ते रुंद होत होते, जुनी घरं पडत होती, त्यामुळे यांची रोजच दिवाळी. ब्राह्मणपाऱ्यातल्या पाडलेल्या घराची चौकट, शंकर नगरातली तोडलेली शिरीषाची फांदी, काय वाटेल ते स्कूटरला बांधून यायचं.

"भंगारवाला भैया बी तुमच्यापेक्षा कमी आणते," मी म्हणायची.

"लाकूड मरत नसते वं," हे म्हणायचे. "नुसतं काम बदलते त्याचं."

एका रविवारी सकाळी आम्ही नव्या रायपूरच्या रस्त्यानं फिरायला गेलो. एका ठिकाणी मोठं मैदान मुरूम टाकून सपाट केलेलं, प्लॉटचे दगड रोवलेले. कडेला एक खांब आडवा पडला होता. चांगला लांब, काळाकुट्ट, एका टोकाला कोरीव काम. यांनी स्कूटर थांबवली, बोटानं टकटक केलं आणि यांचा चेहरा असा उजळला, की मला बघायला आले तेव्हाही उजळला नसेल.

"सरई आहे, सालाचं लाकूड," हे म्हणाले. "लोखंड आहे लोखंड!"

झाडाखाली एक म्हातारा शेळ्या घेऊन बसला होता. यांनी त्याला विचारलं, "बाबा, ये किसका है?"

"तरिया के बिहाव के खंभा आय, बाबू."

बिहाव म्हणजे लग्न, एवढं मला तोवर कळायला लागलं होतं. तरिया नावाची कोणी मुलगी असेल आणि तिच्या लग्नाच्या मांडवाचा हा खांब, असं आम्ही दोघांनीही धरलं.

"अब कहाँ है वो, तरिया?" यांनी विचारलं.

म्हाताऱ्यानं मैदानाकडे नुसता हात केला. "तरिया ल तो पाट दिन."

हे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. आणि मी — मोठी शहाणी! — यांना समजावून सांगितलं, "पाट लावला म्हणून राह्यला तो. पहिला नवरा गेला असन, मग पोट्टीचं दुसरं लग्न करून दिलं." माझी आजी विधवेच्या लग्नाला पाटच म्हणायची. मला तर उलट बरंच वाटलं. चला, या गावात विधवांची लग्नं तरी होतात.

"मग पहिल्या लग्नाचा खांब कोणाले पाहिजे आता?" हे म्हणाले आणि म्हाताऱ्याकडे वळले. "ले जाएँ, बाबा?"

"मोला का पूछथस," म्हातारा म्हणाला. "ओला पूछ." म्हणजे, तिलाच विचार.

यांना चेष्टा केल्याशिवाय राहवतं थोडंच! मैदानाकडे तोंड करून हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाले, "तरियाबाई, तुमचा खांब नेतो हो. मांडवाले कमी पडला तर बोलवा, मी येऊन उभा राहतो!"

मी खो खो हसले. म्हातारा हसला नाही, शेळ्या घेऊन उठून गेला.

आरा मशीनवर तुकडे करून आणले आणि एक ओंडका लेथवर चढला. जुनं लाकूड कातताना कोरडा भुगा उडतो, पोर्च झाडून झाडून मी मेटाकुटीला यायची. या लाकडाचे मात्र लांबच लांब ओले छिलके निघाले. वास चिखलाचा.

"उन्हात पडलेलं लाकूड आतून ओलं काहून आहे?" मी विचारलं.

"मुरलं असन," हे म्हणाले.

त्यातून यांनी माझ्यासाठी कुंकवाचा करंडा काढला. झाकण असं बसलं होतं, की लावल्यावर सांधा शोधून सापडू नये. यांच्या हातचं सगळ्यात सुंदर काम तेच, हे मी आजही म्हणेन.

मी त्यात कुंकू भरलं. सकाळी उघडलं तर नुसता लाल चिखल. धुतलं, पुसलं, उन्हात ठेवलं, पुन्हा भरलं... पुन्हा तेच. शेवटी त्यातला थेंब लॅबमध्ये नेऊन मायक्रोस्कोपखाली धरला. शेवाळाचे हिरवे धागे होते आणि त्यांच्यात बारीक बारीक जीव वळवळत होते. साचलेल्या तळ्याच्या पाण्यात दिसतात ना, तेच. आमच्या घरात पाणी नळाचं आणि करंडा तर पाण्याच्या जवळही गेला नव्हता. मी काच धुऊन टाकली आणि कोणाला काही बोलले नाही.

मग यांचे पाय सुरू झाले. तळवे पांढरे, सुरकुतलेले, दिवसभर कपडे धुणाऱ्या बाईचे हात होतात तसे. स्किनच्या डॉक्टरनं पावडर दिली. हळूहळू तो पांढरेपणा घोट्यांवर गेला, मग पोटऱ्यांवर. आणि वर त्याची कड अगदी सरळ! कातडीचा कुठलाच रोग असा पट्टी लावून आखल्यासारखा चढत नाही. मी घाबरले होते, पण यांच्यासमोर दाखवलं नाही. हे तर हसतच होते. "फायदाच आहे," म्हणायचे, "पाय घासायचं काम नाही."

एका दुपारी यांच्या ऑफिसातून फोन आला, साहेब जेवायच्या सुट्टीत गेले ते परतलेच नाहीत. शोधाशोध झाली. शेजारच्या भैयानं सांगितलं, त्यानं यांना नव्या रायपूरच्या रस्त्याला उभं असलेलं पाहिलं. त्याच्याच गाडीवर बसून मी गेले.

हे त्या मैदानाच्या बरोबर मधोमध उभे होते. दोन्ही हात अंगाला चिकटलेले, नजर समोर. ऊन असं, की मुरूम चपलेतून चटके देत होता आणि यांची पँट गुडघ्यापर्यंत ओलीचिंब.

"अहो, चला घरी," मी म्हटलं.

"इथं किती गार वाटून राह्यलं," हे म्हणाले. आवाज यांचाच, पण झोपेतला.

मी हात ओढला. भैयानं कमरेला धरून ओढलं. हे हलेचनात. जमिनीतून उगवल्यासारखे. शेवटी मी इतक्या वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं, यांचं नाव घेऊन किंचाळले, "सुधाकर!" तेव्हा कुठे पाऊल उचललं. घरी आल्यावर यांना काहीच आठवत नव्हतं.

ब्राह्मणपाऱ्यातल्या मावशी यांना बघायला आल्या. नात्याच्या नाहीत, पण तीन पिढ्या रायपुरात काढलेलं रेल्वेवाल्यांचं मराठी घर. त्यांनी विचारलं म्हणून खांबाची, म्हाताऱ्याची सगळी हकीकत सांगितली. मावशी आधी हसल्या.

"अवं माय! तरिया पोट्टी नोहे! इकडे तरिया म्हंजे तलाव. पाट दिन म्हंजे बुजवून टाकला." मग त्यांचं हसू हळूहळू गेलं. "तलावाचं लग्न लावतेत इकडे. त्याशिवाय त्याचं पाणी देवाले चालत नाही. मधात खांब गाडतेत. तो खांब म्हंजे नवरा."

"मावशी, यांनी हात जोडून सांगितलं होतं, कमी पडला तर मी उभा राहतो म्हणून..."

मावशी जवळ सरकल्या. माझा हात तेवढा हातात घेतला.

दुसऱ्याच दिवशी उरलेले तुकडे आणि करंडा घेऊन आम्ही दोघी तिथे गेलो. मधोमध खड्डा करवला, सगळं पुरलं, नारळ फोडला. हो, मी फोडला! नवऱ्याचा जीव जात असेल तर मायक्रोस्कोपवालीही नारळ फोडते. तो म्हातारा तिथेच होता. सगळं होईपर्यंत बघत बसला.

"खंभा त लहुट गे, दाई," मग म्हणाला. "फेर पानी कहाँ हे?"

खांब तर परत आला, माय, पण पाणी कुठे आहे, असं विचारत होता.

ती कड चढतच राहिली. मांड्या, कंबर, छाती. यांना धाप लागायला लागली, बोलताना शब्द तुटायला लागले. दवाखान्यात एक्स-रे काढला, दोन्ही फुफ्फुसांत पाणी. डॉक्टर म्हणाले, हृदय अशक्त झालंय, त्यात असं होतं. खरंच होतं, मी स्वतः असे रिपोर्ट पाहिलेत. कातडीचं मात्र त्यांनी काही सांगितलं नाही. चार दिवस बरे वाटले म्हणून घरी आणलं आणि भर उन्हाळ्याच्या दुपारी, माझा हात धरून, हे गेले. तेव्हा कड गळ्यापर्यंत आली होती.

शेवटची आंघोळ मीच घालणार म्हणून हट्ट धरला. अमरावतीहून आलेले धाकटे दीर पाणी ओतत होते, मी अंग पुसत होते. पावलांवर काहीतरी पिवळं दिसलं. कावीळ मला ओळखता येते, ती आधी डोळ्यांत दिसते. ही कावीळ नव्हती. पावलांवर, गुडघ्यांवर, खांद्यांवर, कपाळावर बोटांच्या ओढी होत्या. हळद. ओली, ताजी.

"वहिनी, हळद काहून लावली?" दिरांनी हळूच विचारलं.

मला रडू नाही आलं, संताप आला. मी साबण लावून घासली, टॉवेलनं ओरबाडली, तरी निघाली नाही. तशीच नेली यांना.

याला बरीच वर्षं झाली. मी अमरावतीला परत आले, लेथ एका शाळेला देऊन टाकली. पाण्याचं, कातडीचं, हळदीचं मी सगळीकडून कारण शोधून पाहिलं. अजून सापडलं नाही. दिरांना आजही वाटतं, ती हळद वेड्या मायेपोटी मीच लावली असेल. मीही त्यांना तसंच वाटू दिलं आहे. बायको मीच होते ना यांची?