जर-तरच्या तासाची धास्ती

बालवर्गाच्या टीचरला किस्से साठवावे लागत नाहीत. वर्षभर नुसती मुलांची डोकी मोजत उभं राहा, ते आपोआप साठतात! बाकीच्या टीचर आपले किस्से सांगतात तेव्हा आमची स्टाफरूम पोट धरून हसते. माझ्या किश्श्यांनी मात्र मला आधी दरदरून घाम फुटतो, हसू येतं ते चार महिन्यांनी.

दोष आमच्या सिस्टरांचा! पापडी गावातल्या आमच्या छोट्या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून आल्या आणि त्यांनी 'जर-तरचा तास' सुरू केला. झाडं, प्राणी मुलांसमोर ठेवायचे. मुलांनी बघायचं, जोडायचं आणि उत्तर स्वतः काढायचं. टीचरने उत्तर सांगायचं नाही, हा नियम. "पोरांना विचार करू दे गं," सिस्टर म्हणायच्या. अहो, पाच वर्षांची पोरं विचार करायला लागली की किती भीती वाटते, हे त्यांना कोण सांगणार? मला एकच धास्ती. माझ्या 'जर'मधून एखादं पोर असलं 'तर' काढेल, की ते घरी धड पोचणार नाही.

*

पहिला झटका रायनचा. आदल्या दिवशी मी सापांची चित्रं दाखवली होती. नाग, घोणस विषारी, दिवड बिनविषारी. सकाळी रायनने डबा माझ्या टेबलावर ठेवला. "टीचर, उघडा ना." मी उघडला. आत पोळी नव्हती, वेटोळं होतं!

मी खुर्चीवर कधी चढले, मला आठवत नाही. वरूनच ओरडले, "बंद कर तो डबा आधी!"

"घाबरू नका टीचर, दिवड आहे. विषारी नाय."

"दिवडच आहे कशावरून?"

त्याने शांतपणे अंगठा पुढे केला. "काल चावली मला. मी मेलो का?"

डॉक्टरांनी अंगठा आणि डबा दोन्ही तपासून "दिवडच आहे" म्हणेपर्यंत माझी पाचावर धारण बसली होती. दवाखान्यात रायनच मला धीर देत होता.

*

"पक्षी खातात ती सगळी फळं आपण खाऊ शकतो का?" मी विचारलं आणि नियमाप्रमाणे उत्तर दिलं नाही. संध्याकाळी हर्षच्या आईचा फोन. "टीचर, याने कुठलं तरी फळ आणून आजोबांना भरवलंय. आणि आता समोर बसून त्यांच्याकडे टक लावून बघतोय!"

मग आजोबांनीच फोन घेतला. "भोकर होतं हो, लहानपणापासून खातोय मी." तेव्हा कुठे जिवात जीव आला. दुसऱ्या दिवशी हर्षला जवळ घेतलं. "अरे, आजोबांना का दिलंस?"

"मी खाऊन मेलो असतो, तर तुम्हाला उत्तर कोणी सांगितलं असतं?"

*

एकदा तपासणीला बाहेरून साहेब आले. साहेबांनी पाचूबंदरच्या प्रांजलला उभं केलं. कोळ्यांची पोर, त्यात प्रश्न माशाचा, म्हणून मी निर्धास्त! "बाळ, मासा पाण्याबाहेर का मरतो?"

"पान्याबाहेर आला म्हनून नाय मरत, साहेब. माझ्या आईला गावला म्हनून मरतो!"

साहेबांनी वहीत बराच वेळ काहीतरी लिहिलं. काय लिहिलं, ते विचारायची माझी अजून हिंमत झालेली नाही.

*

सान्वी नायगावच्या टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर राहते. मांजर उंचावरून पडताना शेपटीने तोल सावरते, हे बोलून गेले आणि तिचे डोळे चमकलेले दिसले. शाळा सुटल्या सुटल्या तिच्या मम्मीला फोन लावला. "आधी खिडक्यांच्या जाळ्या बघा!"

मम्मी हसली. "टेन्शन घेऊ नका मॅडम. तीच म्हणाली, मला शेपटी नाही, म्हणून मी उडी मारणार नाही."

"शहाणी गं माझी बाय!"

"हो ना! सध्या धाकट्या भावाला शेपटी चिकटवत बसलीय."

*

आणि हा शेवटचा.

वर्गातल्या जेनिशाच्या आजोबांच्या नारळी-केळीच्या वाडीत मुलांना नेलं होतं. बावीस मुलं आणि मी. प्रत्येकाच्या गळ्यात एक कार्ड, कुणी झाड, कुणी प्राणी. "शिट्टी वाजली की प्राणी माझ्याकडे येतील. झाडं जागची हलणार नाहीत, बोलणार नाहीत!" खेळ मस्त रंगला. शेवटी मी ओरडले, "चला, खाऊ खायला!" आणि झाडंसुद्धा धावत सुटली.

मोजली. एकवीस. परत मोजली. एकवीसच! नोएल नव्हता.

वाडीच्या टोकाला बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं तळंच. पाऊस नुकताच संपलेला, पाणी काठोकाठ, आणि वर असं हिरवंगार शेवाळ, की लहान पोराला गवतच वाटावं. मी "नोएल! नोएल!" ओरडत तिकडे धावणारच होते. त्याच्या आईचं तोंड डोळ्यांपुढे आलं. देवा, काहीही कर, पण त्या पाण्यात नको रे!

जेनिशाने माझी ओढणी ओढली. "टीचर, नोएल तिकडे गेलाच नाय."

"तुला काय माहीत?" मी जवळजवळ किंचाळलेच.

"बगळे बघा ना."

बावखलीच्या काठावर तीन बगळे निवांत उभे होते.

"जर कोण तिकडे गेलं असतं, तर ते उडाले असते. आम्ही गेलो की लगेच उडतात."

ती पुढे म्हणाली, "त्याच्या कार्डावर केळ होती. मग तो केळीतच असणार."

केळीच्या दाट रांगांत आम्ही घुसलो. चौथ्या रांगेत नोएल उभा होता. दोन्ही हात पानांसारखे पसरलेले, पायावर लाल मुंग्या चढलेल्या. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण तोंडातून आवाज नाही. माझ्या सगळ्या हाका त्याने तिथे उभं राहून ऐकल्या होत्या!

मी झेपावले आणि त्याला दोन्ही हातांनी उचलून छातीशी घट्ट धरलं.

नोएलने खाली आपल्या लोंबकळणाऱ्या पायांकडे बघितलं आणि एकदम हंबरडाच फोडला. "टीचर, तुम्ही मला उपटलं! आता मी सुकणार!"