लेसिएलीच्या लाळेचा रंग

हापाई बेटांवरच्या शाळांत मुलांचे दात तपासणारी कलोलाइने ही मोठी ठाम बाई. म्हणूनच पाद्रीबाबांच्या बायकोनं, पेतिसेपाआजीनं, शाळेत येऊन आवाज चढवला तरी ती जागची हलली नाही.

आजीची नात लेसिएली नुकतीच पहिलीत आली होती. तिच्या दातांना कीड औषधालाही नव्हती. पण कलोलाइनेनं सगळ्या पोरांना लाळ सुटावी म्हणून मेण चघळून पेल्यात थुंकायला लावलं, तेव्हा लेसिएलीची लाळ जेमतेम तळाशी आली, तीही चिकट. आत बुडवलेली तपासणीची पट्टी हिरवी व्हायची सोडून लालभडक झाली. म्हणजे तोंडात आम्ल फार, पुढे दात किडायची भीती. कलोलाइनेनं लगेच आजीला बोलावून घेतलं होतं.

"एक तरी किडका दात दाखव!" आजी कडाडली.

"नाहीच आहे. म्हणून तर आत्ता सांगतेय, आजी. किडल्यावर काय, कोणीही सांगेल."

"थुंकी बघून भविष्य सांगतेस होय?"

"भविष्य नाही हो. वाट निसरडी आहे, एवढंच म्हणतेय."

"मग तुझी थुंकी दाखव की!"

कलोलाइनेनं बेधडक मेण चघळलं, पट्टी बुडवली. पट्टी नारिंगी! पोरं खिदळली. तीही पोट धरून हसली. "घ्या! दिवसभर गोड चहा ढोसते ना मी."

"आणि आम्हाला शहाणपण शिकवते, बया!" म्हणता म्हणता आजीलाही हसू फुटलं. ती बाकावर टेकली. आवाज उतरला. "हिची आई ऑकलंडला कामाला गेली ना, तेव्हापासून ही रडली की मी सरबताची बाटली हातात देते. नाही म्हणवत नाही गं."

"द्या की सरबत. पण जेवणाबरोबर. एरवी पाणी."

त्याच दिवशी कलोलाइनेनं लेसिएलीच्या नव्या दाढांना संरक्षक लेप लावला. पुढच्या वर्षी पट्टी हिरवी झाली. एका दुधाच्या दातावर किडीचा डाग पडला होता, तो वेळीच सापडला. दाढा मात्र ठणठणीत होत्या.

त्या संध्याकाळी लेसिएलीनं फोनवर आईला दाढा दाखवायला जबडा वासला.

"अगं, मागे सर!" आई तिकडून हसत ओरडली. "नुसतं तोंडच दिसतंय, तू कुठायस?"